याखेनचं अक्षर

डोंगरावरच्या निवाऱ्यातल्या वहीत कुणी खोटं लिहीत नाही. नवऱ्याशी खोटं बोला, पाद्र्याशी बोला, पण वहीत नाही. उतारावरून परतलेल्याने गरम सुपाच्या वाडग्याला हात लावायच्या आधी बर्फ कसा होता ते लिहायचं, आणि मागून येणाऱ्याने त्या भरवशावर पाऊल टाकायचं, अशी या खोऱ्याची रीत. गुरुवारी वहीत याखेनने लिहिलं होतं: 'मोठ्या खडकामागे खड्डा खणून बर्फाचे थर पाहिले. वरच्या थरावर फावडं ठेवून खांद्यापासून दहा थापा मारल्या, थर घसरला नाही. खिंडीकडे जायला हरकत नाही.'

याखेन म्हणजे निवारा चालवणारा, आणि वाटाडी मेंगियाचा तीस वर्षांचा, एकाच दोराला बांधून चढणारा जोडीदार. एकदा ती हिमदरीत लटकली असताना त्यानेच दोन तास दोर सोडला नव्हता. म्हणून शनिवारी सकाळी मेंगियाने ती ओळ वाचली आणि वही मिटली. तिची लेक आइता यंदाच वाटाडी झाली होती. चार पाहुणे घेऊन ती आधी निघाली.

"आई, खडकामागे आपणही एक खड्डा घ्यायचा का?" तिने दारातून विचारलं.

"याखेनमामाने खणलाय ना? मग तू कशाला अक्कल पाजळतेस! पाहुणे गारठतील. नीघ."

अर्ध्या तासाने मेंगिया आपले पाहुणे घेऊन खडकापाशी पोचली. स्कीचा पट्टा आवळायला ती खडकाच्या आडोशाला गेली आणि थबकली. आठवडाभर नवा बर्फ पडला नव्हता की वारा सुटला नव्हता, पण खड्ड्याचा मागमूस नव्हता. आइताच्या वाटेपासून बाजूला होता तो एकाच माणसाच्या स्कीचा माग. डावीकडे काठीची खोल भोकं, कारण याखेनच्या डाव्या काठीची, तिला बर्फात रुतू न देणारी चकती कधीची तुटलेली. माग वीसेक पावलं उतारावर चढून गर्रकन मागे वळला होता. वळणापाशी बर्फात बोटभर रुंद भेग होती.

म्हणजे उतार त्याच्या पायाखाली कण्हला होता, बर्फाचा थर सुटू पाहत होता. तो जीव घेऊन पळाला होता, आणि खाली येऊन त्याने 'हरकत नाही' लिहिलं होतं. 

"आइता, आहेस तिथे थांब!" ती वॉकीटॉकीत ओरडली.

"अगं, खिंड समोर दिसतेय."

"खड्ड्यात गेली खिंड! एकेकाला, मध्ये भरपूर अंतर ठेवून, आल्या वाटेने खाली पाठव. तू..." पुढचं म्हणायला जीभ रेटेना, पण वाटाड्याचा धर्मच तो. "तू शेवटी."

चौघे सुखरूप उतरले. आइता खडकापासून हाकेच्या अंतरावर आली आणि धुम्म असा आवाज झाला. वरचा अख्खा उतार फुटून खाली सुटला. पोरीने खडकाकडे झेप घेतली, तरी कमरेपर्यंत गाडली गेलीच. मेंगियाने फावड्याने, मग नखांनी उकरून तिला बाहेर काढलं. डावा पाय गुडघ्याखाली पार मोडला होता.

"मी विचारलं होतं गं, आई," आइता एवढंच म्हणाली.

हेलिकॉप्टर तिला घेऊन गेल्यावर मेंगिया पाहुण्यांना घेऊन निवाऱ्यात परतली. आधी वही उघडली. याखेनच्या ओळीखाली लिहिलं: 'खड्डा खणलेलाच नव्हता. याखेन वीस पावलांवरूनच परतला होता. लेकीचा पाय मोडला.'

याखेनने जवाच्या सुपाचा वाडगा तिच्यापुढे सरकवला. 

"मेंगी, रविवारी निवाऱ्यात मुक्कामाला चाळीस जण ठरले होते. खरं लिहिलं असतं तर इकडे काळं कुत्रं फिरकलं नसतं. आणि मला वाटलं, तू खणशीलच. तू कधी कुणाच्या शब्दावर गेली आहेस?"

"कुणाच्याच नाही," मेंगिया म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं अक्षर असतं, तर खणला असता रे मेल्या."

तिने वाडगा परत सरकवला आणि भिंतीवर दोघांचे दोर एकत्र टांगायची जी खुंटी होती, तिच्यावरून आपला दोर काढून घेतला.