धुलाईघरातली तिसरी फेरी

प्रश्नावली भरवशाची ठरली, तर ती तयार करणाऱ्या मॅडमचं नाव होणार होतं, इस्पितळाला पुढच्या संशोधनाची मंजुरी मिळणार होती आणि बाईंना एक खोली मिळणार होती. तिन्ही फायद्यांत सगळ्यात लहान बाईंचाच. पण दिवसभर कोणाच्या मनात घोळायचा, तर तोही त्यांचाच.

खोली काही मोठी नव्हती. कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत मागच्या अंगाला, एक ओटा, एक खिडकी आणि आतून कडी लागणारं दार. मुलाखती घेण्याचं बाईंचं काम हंगामी होतं. ते कायम झालं की खोली त्यांची. बाईंचा सगळा जीव त्या कडीत अडकला होता. भावाच्या घरी त्या पॅसेजमध्ये राहत. येणारा-जाणारा त्यांच्या खाटेला वळसा घालून जाई, आणि माणसं इतकी चांगली की प्रत्येक जण जाताना विचारी, "आत्या, झोपलीस का?" आता भाच्याचं लग्न ठरलं होतं. वहिनी तोंडाने काही बोलली नव्हती, पण पॅसेजची लांबी वितीने मोजताना बाईंनी तिला पाहिलं होतं.

तर त्या कडीच्या आशेवर बाई इस्पितळाच्या धुलाईघरात एका स्टुलावर बसून विचारत होत्या, "'मी अडचणीत असते, तेव्हा मी स्वतःला धीर देते.' हे तुम्हाला अजिबात लागू नाही, थोडं लागू, बरंच लागू की पूर्ण लागू?"

इस्त्रीवाल्या मावशींनी चादरीची चुणी मोडली. "धीर द्यायला मी मोकळी कुठे असते? मी अडचणीत असते ना तेव्हा."

"मावशी, चारातलं एक सांगायचंय," घडीवाली ओरडली. ती वयाने सगळ्यांत लहान, कपड्यांच्या घड्या घालायची आणि जिभेची घडी तिला कधी जमली नाही. "भाषण नकोय त्यांना."

"मग लिहा. अजिबात नाही."

बाईंनी खूण केली. माणूस स्वतःला किती धरून असतो, हे मॅडमना मोजायचं होतं. मूल आईला बिलगतं, तिच्यावर रुसतं, तिला टाळतं, तसंच माणूस स्वतःशीही वागतो, असं त्यांचं म्हणणं. मोजायची पट्टी खरी आहे का, हे बघायचं, तर तीच माणसं, तेच प्रश्न, मधे काही आठवडे. उत्तरं साधारण तीच आली, तर पट्टी खरी. म्हणून मुलाखत घेणाऱ्याला दोन सक्त सूचना होत्या. प्रश्नाचा अर्थ समजावून सांगायचा नाही. आणि दोन फेऱ्यांच्या मधे त्या माणसांत मिसळायचं नाही.

बाईंनी पहिली फेरी नियमाने पार पाडली. 'मला माझी स्वतःची सोबत आवडते' याला सगळ्या जणींनी झटकून नाही म्हटलं. कागद पिशवीत गेले, चहा आला, आणि मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली.

"झालं ना काम? आता सांगा. स्वतःची सोबत म्हणजे करायचं काय नक्की?"

इथे बाईंनी हसून उठायला हवं होतं. पण तो प्रश्न त्यांनी गावभर इतक्यांना वाचून दाखवला होता की त्यांच्याही पोटात तो कधीचा येऊन बसला होता.

"मलाही माहीत नाही, मावशी."

"म्हणजे माल विकता आणि चाखला नाहीत?" घडीवाली म्हणाली.

झालं. एरवी जेवणाच्या सुट्टीत एका टेबलाभोवती बसणाऱ्या सगळ्या त्या दिवशी पांगल्या. मावशी चादरींच्या मांडणीमागे. घडीवाली साबणाच्या पिंपाच्या झाकणावर. रफूवाली, जी एरवीही बोलत नसे, तिच्या कोपऱ्यात, पण सुई खाली ठेवून. बाई पालथ्या टोपलीवर. बोलायचं नाही, हातात काही घ्यायचं नाही, स्वतःबरोबर नुसतं बसायचं.

"काय झालं?" सुट्टी संपल्यावर बाईंनी विचारलं.

"मला माझा कंटाळा आला," घडीवाली म्हणाली. "फार बडबड करते मी आतल्या आत."

"मला डुलकी लागली," मावशी म्हणाल्या. "ती सोबतीत धरायची का?"

रफूवाली म्हणाली, "उद्या परत बसू."

बाई दुसऱ्या दिवशी गेल्या त्या फक्त बघायला. त्याच्या पुढच्या दिवशी बसायला. नियम त्यांना पाठ होता, पण नियमात मिसळू नये असं होतं आणि आपण तर एकेकट्या बसतो, असा त्यांनी मनाशी सोयीचा हिशेब घातला. हळूहळू त्या खेळाला भाषा आली. मावशी मांडणीमागे गेल्या की घडीवाली दारातच माणसं अडवी. "आत्ता नाही भेटायच्या. त्यांच्याकडे त्या आल्यात."

"कोण त्या?"

"त्याच."

दुसऱ्या फेरीत सगळ्यांची उत्तरं सरकली. बाई खुणा करत होत्या आणि प्रत्येक खूण कागदावर उजवीकडे उजवीकडे जात होती. एरवी कोणाचं बरं चाललेलं पाहून त्यांना आनंद व्हायचा. त्या दिवशी झाला नाही.

आठवड्याने मॅडमनी बोलावलं. मॅडम पेन्सिल चावत संगणकापुढे बसल्या होत्या. बाई कष्टाळू, पण गोष्टी मनात ठेवणारी, असं त्यांचं जुनं मत होतं, आणि त्या मताला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं.

"हे बघा. सगळीकडचे ठिपके रांगेत आहेत. आणि ही धुलाईघराची मंडळी सहलीला निघाल्यासारखी बाहेर. यांना काय झालं?"

बाईंनी खांद्यावरची पिशवी मांडीवर घेतली.

"आपण तिसरी फेरी घेऊ. तुम्हीच घ्या, त्यांना तुमची सवय आहे. उत्तरं पहिल्या फेरीशी जुळली, तर दुसरी घाईत झाली असं धरू. दुसरीशी जुळली, तर मधे काहीतरी घडलंय असं धरावं लागेल." मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "आणि मग मला ते तुम्हालाच विचारावं लागेल."

बाईंना धुलाईघरात काही सांगायचं नव्हतं. पण त्यांचा चेहरा आणि घडीवालीची जीभ यांच्यात त्यांचं काही चाललं नाही. तिच्या पाचव्या-सहाव्या प्रश्नाला खोली, कडी, भाच्याचं लग्न, सगळं बाहेर आलं.

"थांबा," घडीवाली म्हणाली. "म्हणजे आम्ही सुधारलो म्हणून तुमची खोली जाणार?"

"तसंच."

"मग बिघडतो की आम्ही. त्यात काय मोठं?"

"पहिल्या वेळी काय सांगितलं ते आठवतंय का पण?" रफूवाली म्हणाली.

"सगळ्याला नाहीच म्हटलं होतं. माणूस वैतागलेला असला की लक्षात ठेवायला सोपं जातं," घडीवाली म्हणाली.

बाईंनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. आणि अशा वेळचं गप्प बसणं कोणाच्या खात्यात जमा होतं, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या.

तिसरी फेरी सुरू झाली ती थाटात. घडीवालीने गाल फुगवून, कपाळाला आठ्या घालून उत्तरं दिली. "अजिबात नाही. अजिबात नाही. पुढचं? तेही नाही. मला माझं तोंडही बघवत नाही, लिहा."

"ते कागदावर नाहीये."

"मग घाला."

रफूवालीने खाली मान घालून खोटं सांगितलं, आणि सांगताना सुई एकदा बोटात रुतवून घेतली. बाईंनी दोघींचे कागद बाजूला ठेवले. आता राहिल्या मावशी. त्यांच्या मनगटाला पट्टी होती. चार दिवसांपूर्वी चादरी दाबायच्या यंत्राच्या गरम रुळाला हात लागला होता, तेव्हा धुलाईघरात त्या एकट्याच होत्या.

"'मी अडचणीत असते, तेव्हा मी स्वतःला धीर देते.'"

"अजि..." मावशी थांबल्या. इस्त्रीचं बटण बंद केलं. "सांगते हं बाई. एक मिनिट."

"सावकाश."

"खोटं बोलायला मला काही वाटत नाही. नवऱ्याशी जन्मभर बोलत आले, त्याची तब्येत उत्तम आहे." त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. "पण हे जरा निराळं होतंय. त्या दिवशी हात भाजला, तेव्हा इथे कोणी नव्हतं. थांब, घाबरू नकोस, नळाखाली धर, असं आतून मला कोणीतरी म्हटलं. शांतपणे म्हटलं, तुम्ही बोलता तसं. आता मी नाही म्हणायचं, म्हणजे तिच्या तोंडावर तिला ओळख दाखवायची नाही, असं झालं."

बोलून त्यांनाच ओशाळं वाटलं. "जाऊ दे. एवढंसं तर आहे. लिहा, अजिबात नाही. लिहा लवकर, मला अजून गठ्ठे काढायचेत."

बाईंनी पेन टेकवलं. कागदावर चार चौकोन होते आणि डावीकडच्या पहिल्या चौकोनात खूण करायला क्षणही लागला नसता. कडी त्यांना अगदी स्पष्ट दिसत होती, पितळेची, थोडी काळवंडलेली. मावशी त्यांच्याकडे बघत नव्हत्या. मदत करताना समोरच्याकडे बघू नये, तसा मोकळेपणा त्या बाईंना देत होत्या.

"बरंच लागू की पूर्ण लागू?" बाईंनी विचारलं.

"अहो, ठरलंय ना आपलं."

"मावशी, बरंच की पूर्ण?"

मावशींनी पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. "बरंच," त्या म्हणाल्या. "पूर्ण म्हणायला अजून अवकाश आहे."

बाईंनी खूण केली. मग बाजूचे दोन कागद उभे फाडले आणि कोरे काढले. "घडीवाली, इकडे ये. पहिल्यापासून."

"आणि खोली?"

"'मला माझी स्वतःची सोबत आवडते.' सांग."

घडीवाली कधी नव्हे ते खालच्या आवाजात म्हणाली, "थोडं लागू."

तिसरी फेरी दुसरीशी जुळली. मॅडमनी ठरल्याप्रमाणे विचारलं, आणि बाईंनी सगळं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, डोळे मिटून बसता की उघडे ठेवून? पहिल्या दिवशी कोणी उठून गेलं का? बोलायचं नाही हे कोणी ठरवलं? तुम्हाला स्वतःला काय वाटलं? शेवटच्या प्रश्नाला बाई अडखळल्या. तो आजवर त्यांना कोणी विचारला नव्हता. मॅडम लिहीत गेल्या, समोरचा चहा थंड झाला. मग त्यांनी वही मिटली.

"मी इतक्या वर्षांत इतकं मजेशीर काही ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि त्याच्यामुळेच मला तुमचं नाव पुढच्या यादीत घालता येत नाही. तुम्हाला समजतंय ना?"

"नव्याने येणाऱ्यांना हे नियम मीच तर शिकवते, मॅडम."

हिशेब असा मिटला. धुलाईघराचा गट वगळून प्रश्नावली भरवशाची ठरली, आणि त्या वगळण्याला मॅडमच्या लेखात तळटीपेची एक ओळ मिळाली. मॅडमना पुढच्या संशोधनाला विषय मिळाला. इस्पितळाला मंजुरी मिळाली. खोली इस्पितळाच्या नोंदणी विभागातल्या कारकुनाला मिळाली, आणि त्याला ती लहान वाटली. धुलाईघराच्या बायकांकडे जेवणाच्या सुट्टीतला तो वेळ राहिला. तो कोणी परत मागितला नाही.

या सगळ्याची भरपाई बाईंनी केली. हंगाम संपल्यावर त्यांना पुढचं बोलावणं आलं नाही. भाच्याचं लग्न झालं, आणि खाट पॅसेजमध्येच राहिली, फक्त भिंतीला अधिक चिकटून. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, नवी सून पॅसेजमधून येता येता थबकली. आत्याबाई खाटेवर बसल्या होत्या, हात मांडीवर, समोर काही नाही.

"आत्या, एकट्याच का? आत या ना आमच्यात."

"येते थोड्या वेळाने."

सून पोरगी हुशार. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि आली तशी मागे वळली. मागून नवरा शीळ घालत येत होता, त्याला तिने दंडाला धरून थांबवलं.

"इकडून नको," ती म्हणाली. "मागच्या दाराने जा."

म्हणजे अगदी शेवटचा आकडा मांडायचा, तर थोडंसं भाच्यानेही भरलं. त्या दिवसापासून दुपारच्या वेळी त्याला अंगणाला वळसा घालून जावं लागू लागलं.