बटण दाबलं की अंधार

ताईची बोटं मोडली ती बॅटरीपायी. मागच्या खेपेला ती नवऱ्याचं घर सोडून निघाली, अंगणात मोटरसायकलचं बटण दाबलं, तर हेडलाइटच बॅटरी खात बसला आणि स्टार्टर नुसता कटकट करून गप्प झाला. दाजींनी तिला तिथेच गाठलं. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी हँडलवरच उलटी वाकवली.

म्हणून आज तिची धाकटी बहीण आपल्या गॅरेजात, दुरुस्तीच्या निमित्ताने आणलेल्या त्याच गाडीचं वायरिंग बदलत होती. हेडलाइटच्या वायरीत तिने रिले बसवला. आता बटण दाबलेलं असेपर्यंत दिवा बंद, बॅटरीचा सगळा जोर स्टार्टरला. अंगठा उचलला की दिवा पुन्हा चालू. वीज सकाळपासून गेली होती. इंजिन मध्येच सुरू होऊ नये म्हणून प्लगची टोपी काढून ती दिवा तेवढा तपासत होती. ताई पिशवी घेऊन तयारच बसली होती.

तेवढ्यात दाजी आले. आत शिरून पहिलं काय केलं, तर शटर खाली ओढलं. चार लोकांत शोभा नको! बायकोला गुरासारखं मारणाऱ्या माणसाला अब्रूची भारी चाड. भर दुपारी गॅरेजात काळोख झाला आणि उरला फक्त हेडलाइटचा झोत.

"दाजी, बाहेर व्हा," धाकटी म्हणाली.

"मेहुणीबाई, तुमचा नंबर नंतर." त्यांनी ताईला केसांना धरून उठवलं आणि तिचं तोंड भिंतीवर आपटलं. धाकटी मध्ये पडली, तर पोटात लाथ बसली आणि ती गाडीवर कोसळली. दाजींनी चाकं खोलायचा लांब पाना उचलला.

"आता पायच मोडतो. मग बघू कशी पळतेस."

धाकटीने बटण दाबलं. दिवा गेला. स्टार्टरच्या घरघरीत दाजींचा पाना फडताळावर आदळला, डबे कोसळले, नटबोल्ट फरशीभर सांडले. दाजी शिव्या घालत चाचपडू लागले. दोघी बहिणी मात्र याच गॅरेजात वाढलेल्या. कुठलं लोखंड कुठे टांगलंय हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. एक जड, ओला आवाज झाला आणि दाजी किंचाळले.

धाकटीने अंगठा उचलला. दाजी गुडघा धरून फरशीवर लोळत होते. ताईच्या डाव्या हातात हातोडा होता.

"परत दाब," ताई म्हणाली.

दिवा पिवळा पडला होता.

"ताई, बॅटरीत आता एकाच खेपेचा जीव उरलाय. अंधार हवा, की गाडी?"

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. तो पान्याकडे हात लांबवत होता.

"गाडी," ती म्हणाली. "याला अंधार कशाला हवा?"

आणि तिने झोताच्या उजेडात, नीट बघून, हातोडा त्याच्या बोटांवर घातला. हाडं मोडल्याचा आवाज आला. धाकटीला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

तिने प्लगची टोपी दाबून बसवली, शटर वर ढकललं आणि गाडीवर बसली. ताई मागे बसली. बटण दाबलं, दिवा विझला, स्टार्टर एकदा अडखळला आणि इंजिन धडधडलं. मग दिवा परत लागला.

किंचाळ्या ऐकून रस्त्यावर चार लोक जमले होते. ताईने पदराने तोंडावरचं रक्त पुसलं. हातोडा मात्र तिने खाली ठेवला नव्हता.