घरपट्टी अर्धी, होडी गळकी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. पण मोडकी म्हणाल तर खबरदार! मालवणच्या बाजूच्या एका खाडीत पंधरा वर्षं मी माणसं या तीरावरून त्या तीरावर नेते आहे. धोंडू तारी मला वल्हवतो. अलीकडे शाळा, बाजार आणि ग्रामपंचायत. पलीकडे चाळीस घरांची वाडी. पूल नाही. मी बसले की वाडी तुटली.

दरवर्षी पावसाळा सरला की मला वाळूवर ओढायचं, फटींत काथ्या ठासायचा आणि उंडीचं तेल पाजायचं. हा खर्च गावच्या घरपट्टीतून व्हायचा.

एकसष्ट सालच्या तुफानात गावची छपरं उडाली. सरपंच भिकाजीने दोन वर्षं घरपट्टी अर्धी केली. बरं केलं! लोकांच्या डोक्यावर कौलं नव्हती, तिथे मी तेल कुठल्या तोंडाने मागणार? दोन वर्षं कोरडी राहिले, हूं की चूं केलं नाही.

पण दोन वर्षं सरली, बहुतेक घरं शाकारून झाली आणि नेमकी निवडणूक आली. भिकाजीने जाहीर केलं, "सवलत आणखी तीन वर्षां!" समोर उभा राहिलेला बाबू काय कमी? तो म्हणाला, "माका निवडून दिया, पट्टीच माफ!" टाळ्याच टाळ्या. धोंडूने माझं नाव काढलं, तर "पुढच्या वर्षी बघूया" म्हणून त्याची बोळवण झाली. अहो, पाणी काय पुढच्या वर्षाची वाट बघतं?

मग व्हायचं तेच झालं. पलीकडे शेवंती बाळंतपणात अडली. दोन्ही तीरांची सुईण सुभद्रा माझ्यात बसली. मध्यावर पाणी घोट्यापर्यंत चढलं. करवंटीने उपसून उपसून धोंडूचे हात भरून आले, शेवटी त्याला मागे फिरावं लागलं. फटींत चिंध्या कोंबून आम्ही पोचलो, तेव्हा मूल गेलं होतं. शेवंती कशीबशी वाचली. मित्रांनो, इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. सुभद्रा माझ्या काठावर हात आपटून म्हणाली, "आता मी गप रवाचंय नाय."

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. गावकर देवापुढे सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि जमाव दर मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणतो. लहानपणापासूनची सवय, तोंड आपोआप उघडतं. देऊळ माझ्या धक्क्यालाच लागून आहे, म्हणून मी सगळं ऐकलं. जत्रेला भिकाजी आणि बाबू हात जोडून सर्वांच्या पुढे उभे होते. सुभद्राने आपलं मागणं आधीच गावकराच्या कानात घातलं होतं.

"पोराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण सरपंच होतलो, तो पट्टी पुरी घेवन होडी बरी करतलो, असो शबूद दोनय उमेदवार देतत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सर्वांत मोठा आवाज भिकाजीचा! बाबूने जीभ चावली, पण उशीर झाला होता. देवापुढे दिलेला शब्द मागे घेण्याची छाती कोणाची?

"सुभद्राकाकी, फसवलंस माका!" भिकाजी तणतणला.

"मी कित्याक फसवू? तोंड तुजा, आवाज तुजो."

आठवड्यात सवलत उठली. ज्यांची छपरं अजून उघडी होती, त्यांच्यापुरती तेवढी राहिली. लोक कुरकुरले, पण भरू लागले. मला काथ्या मिळाला, तेल मिळालं.

मतदानाच्या दिवशी सुभद्रा रांगेत उभी होती. पुढे दोनच माणसं. तेवढ्यात पलीकडून हाक आली. वाडीत आणखी एक बाई अडली होती.

"काकी, मत देवन जा," रांगेतली माणसं म्हणाली.

"मत पुढच्या खेपेक देयन. पोर थांबाचा नाय!"

ती धावत आली. मागोमाग कोण आलं असेल? भिकाजी! मतं मागायची सोडून त्याने धोंडूच्या जोडीला दुसरं वल्हं धरलं. मीही हट्टाला पेटले. एक थेंब आत घेतला नाही. थोड्या वेळाने वाडीतून पोराचं रडणं ऐकू आलं आणि मला इतका आनंद झाला, म्हणून सांगू!

भिकाजी त्या निवडणुकीत पडला. बाबू सरपंच झाला आणि मुकाट्याने पुरी पट्टी घेऊ लागला.

मित्रांनो, अडलेल्याला सवलत जरूर द्या. पण कोणी "तुम्हाला काहीच द्यावं लागणार नाही" म्हणालं, तर टाळी वाजवण्याआधी एकदा खाडीपलीकडे बघा. तिथे कोणीतरी वाट बघत असतं.