तहानेच्या सापाचं पान

मी एक लॅटिन महाकाव्य आहे. परभणी जिल्ह्यात माझं काय काम, असं तुम्ही विचाराल, तर ते कोडं मलाही सुटलेलं नाही. पूर्णा स्टेशनाजवळ राहणाऱ्या एका म्हाताऱ्या पाद्र्याने गोविंदराव मास्तरांना लॅटिन शिकवलं आणि विलायतेला जाताना मला त्यांच्या हवाली केलं.

माझ्यात एक फौज वाळवंट तुडवते आणि एकेक शिपाई वेगवेगळ्या सापाने मरतो. मास्तर मूळचे संस्कृतात मुरलेले. कुठला साप कवीने कुठल्या जुन्या काव्यातून उचलला, हे ते बरोबर हुडकून काढत. शेवटी सगळ्यांचं मूळ एकच निघालं: कुणा वैद्याची पद्यातली पोथी. तिच्यात म्हणे प्रत्येक विषाची लक्षणं होती आणि उताराही होता.

हे सगळं मास्तर खुशीत येऊन बायकोला, अंबिकाबाईंना, सांगत. दिवे लागल्यावर त्या घरात सापाचं नाव घेत नसत, 'लांबडं' म्हणत. मास्तर मात्र नेमके तेव्हाच माझ्यातली नावं मोठ्याने वाचत. बाईंच्या अंगावर काटा येई. मास्तर हसून सोडून देत.

निजामाचं राज्य डगमगत होतं, त्या साली श्रावणात भरदुपारी सरपण काढताना अंबिकाबाईंच्या हाताला डसलं. शेजारचे दुकानदार रेवणप्पा बैलगाडी जुंपून दारात आले. स्टेशनाजवळ रेल्वेचा डॉक्टर होता. मास्तर बायकोला उचलणार, तोच ती म्हणाली, "लय तहान लागायलीय."

मास्तर थबकले. माझ्यात तहानेचा साप आहे. तो डसलेला शिपाई पाणी पाणी करत मरतो. लक्षण जुळलं म्हणजे उताराही इथंच कुठं असणार, असं धरून त्यांनी मला उघडलं.

"गुरुजी, चला की. बाईचे डोळे मिटायलेत."

"थांबा रेवणप्पा, सापडायलंय."

काय सापडणार होतं? कवीने वैद्याकडून विष तेवढं उचललं होतं, उतारा तिथंच ठेवला होता. मरण रंगवायला उतारा लागत नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला तोंड कुठं? मास्तर पानं उलटत राहिले. गाडी निघाली तेव्हा फार उशीर झाला होता. रेल्वेच्या फाटकापाशीच रेवणप्पांनी बैल थांबवले.

हे पुस्तक नदीत सोडा, म्हणून रेवणप्पांनी पुष्कळ विनवलं. मास्तरांनी ऐकलं नाही. ते रोज तेच पान उघडून बसतात. आता वाचत नाहीत, नुसता कान लावतात. माझे शिपाई लॅटिनमध्येच तडफडतात. पण अलीकडे त्या वाळवंटातून एक बाई मराठीत पाणी मागते. मलाही ते ऐकू येतं आणि फार भीती वाटते.

मग मास्तर उठतात, तांब्या भरून आणतात आणि त्या पानावर ओततात. माझी पानं फुगली आहेत, कोपरे कुजायला लागले आहेत. लोक त्यांना वेडं म्हणतात, तांब्या हिसकावून घेतात. तसं करू नका. मी गेलो तरी चालेल. तिची तहान भागेपर्यंत त्यांना ओतू द्या.