आधी पंप जोडा

जनरेटरवर मोटर गरागरा फिरली, हॉस्पिटलच्या मॅनेजर बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मोटरला पंप जोडलेलाच नव्हता. दोघांना जोडणारं मधलं कपलिंग काढून बाजूला ठेवलं होतं. नवी मोटर सुलटी फिरते की उलटी, हे बघायला तिला एकदा मोकळी फिरवतात, तेवढ्यापुरतं ते बरोबरच आहे. पण माझ्या काकांच्या कंपनीत त्यालाच चाचणी म्हणतात. मोटर फिरली, हात झटकले, चला घरी.

हा पंप आग विझवण्याचा होता. आग लागली की आधी बाहेरची वीज तोडतात, मग सगळी भिस्त एकट्या जनरेटरवर. आणि दुसऱ्या दिवशी या नव्या इमारतीत रुग्ण आणायचे होते. त्यातल्या निम्म्यांना आपल्या पायांनी जिना उतरता येत नाही.

मोटर सुरू होताना चालू मोटरच्या सहापट करंट ओढते, आणि पुढे पंपाचं ओझं असलं की तो ओढा लवकर उतरत नाही. काकांनी मात्र चालू मोटरचा हिशोब धरला आणि वर थोडा वाढवून जनरेटर मागवला. ऑर्डर जायच्या आधी मी बोलले होते. "तू फ्रॉक घालत होतीस तेव्हापासून जनरेटर बसवतोय मी," काका म्हणाले. आमच्या प्रत्येक वादात तो फ्रॉक येतोच.

"झालं तर मग," बाई म्हणाल्या.

"नाही झालं," मी म्हटलं. "आधी पंप जोडा."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. मी आमच्या मिस्त्रींना म्हटलं, "मिस्त्री, कपलिंग घाला." त्यांनी काकांकडे पाहिलं.

"पोरीला हौस आहे," काका हसून म्हणाले. "होऊन जाऊ दे."

कपलिंग बसलं. बाहेरची वीज तोडून जनरेटर पुन्हा सुरू केला. मिस्त्रींनी बटण दाबलं.

दिवे विझत आले. मोटर कण्हत निम्म्या वेगापर्यंत पोचली आणि तिथेच अडली. जनरेटरने धापा टाकल्या, काळा धूर सोडला आणि तो बंद पडला. अंधारात कुणीतरी खोकलं.

बाहेरची वीज पुन्हा जोडल्यावर बाईंचा चेहरा दिसला. "हा जनरेटर कोणी ठरवला?"

"हिने," काका म्हणाले. "माझी पुतणी. नवीन आहे, चुकलं पोरीचं."

वाईट वाटलं. खूप वाटलं. बाबा गेल्यावर याच माणसाने मला वाढवलं, शिकवलं, टेस्टर हातात कसा धरायचा तेही दाखवलं. आता तोच माझ्या डोक्यावर खापर फोडून मोकळा झाला होता, आणि उपकारांची आठवण ठेवून मी मान खाली घालीन, अशी त्याला खात्री होती.

"नाही बाई," मी म्हटलं. "हा हिशोब माझा नाही. माझा हवा असेल तर सांगते. मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर लावला तरी हा जनरेटर पुरणार नाही. याच्या अडीचपट मोठा लागेल. तो येईपर्यंत इथे एकही रुग्ण आणू नका."

"आमंत्रणं गेली आहेत," बाई पुटपुटल्या.

"मग माणसं बोलवा, फीत कापा, भाषणं करा. रुग्ण आणू नका."

"माझ्या जिवावर मोठी झालीस," काका ओरडले, "आणि चारचौघांत माझंच नाक कापतेस?"

"तुमच्या जिवावरच मोठी झाले, काका. पण वरच्या मजल्यावर झोपणाऱ्यांचा जीव तुमचा नाही, आणि माझाही नाही. घरात तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा. इथे नाही."

बाईंनी फोन लावला. "उद्याचं हलवणं थांबवा," त्या म्हणाल्या. "एकालाही आणायचं नाही."

काका तरातरा बाहेर गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तो दूर जात विरला. मला न घेताच ते निघून गेले होते.

मिस्त्री हळूच म्हणाले, "ताई, आज घरी कसं जाणार तुम्ही? दार तरी उघडतील का ते?"

"नाही उघडलं तर ठोठावीन," मी म्हटलं. "पुतणी आहे मी, पाहुणी नाही."