नळीतलं निळं

माझा धाकटा भाऊ विमान चालवतो आणि मी ते पुसतो. पुसतो म्हणजे, मी सहीचा अधिकार असलेला मेकॅनिक आहे. पण आई शेजारणीला सांगते, "धाकटा पायलट, आणि मोठाही तिथंच असतो." तिथंच असतो म्हणे, धावपट्टीवरच्या बाकड्यासारखा.

खरं तर पायलट मी होणार होतो. डोळ्यांच्या तपासणीत बाद झालो. फिका निळा आणि बिनरंगी, दोन्ही मला सारखेच दिसतात. दोन वर्षांनी धाकटा त्याच डॉक्टरकडून पास होऊन आला आणि आईने त्याला पोटाशी धरलं. तेव्हापासून तो माझ्या डोळ्यांत खुपतो. हे मी कुणाजवळ बोललेलो नाही.

आमच्या छोट्या क्लबात उड्डाणाआधी पंखाखालच्या तोटीतून थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढून बघतात. टाकीत पाणी शिरलं असेल तर ते तळाशी साचतं आणि आधी तेच बाहेर येतं. पेट्रोल निळसर, पाणी बिनरंगी. थोडं पाणी असलं तर दोघांमध्ये रेघ दिसते, ती मलाही दिसते. पण नळीभर पाणीच आलं तर रेघ कुठली दिसायला? म्हणून आम्हा भावांची एक पद्धत होती. नळी भरून मी त्याच्यासमोर धरायची, तो "निळं" म्हणाला की सही करायची. हे घरी किंवा क्लबात कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या शनिवारी तो आईला पहिल्यांदा विमानातून फिरवणार होता. आई ठेवणीतले कपडे घालून आली. सगळ्यांशी तिची ओळख करून देत धाकटा नुसता मिरवत होता. माझ्यापाशी येऊन आई म्हणाली, "काच नीट पुसलीस ना रे? धुरकट दिसतेय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी नळी भरली. धाकटा आईचा पट्टा बांधत होता. त्याला हाक मारायची म्हणजे आईदेखत कबूल करायचं की मला दिसत नाही. रेघ नव्हती. मी नळी गवतात ओतली आणि सही ठोकली.

"बघितलंस ना, दादा?" त्याने विचारलं.

"मला काय डोळे नाहीत?"

विमानाने जमीन सोडली. झाडांच्या शेंड्यांवर गेलं असेल नसेल, तोच इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. एवढ्या कमी उंचीवर धावपट्टीकडे वळायला गेला असता तर दोघंही संपली असती. तो वळला नाही. नाक खाली घेऊन त्याने समोरच्या कापलेल्या शेतात विमान टेकवलं. पुढचं चाक मोडलं, एक पंख बांधावर आपटून दुमडला. मी धावत पोचलो तेव्हा आईचा खांदा मोडला होता आणि धाकट्याचा पाय आत अडकला होता. मागून क्लबचे प्रशिक्षक धापा टाकत आले. "काय उतरवलंय पोराने," ते म्हणाले. खोटं कशाला बोलू, दोघं जिवंत आहेत हे कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हेही कौतुक त्यालाच.

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकारी इस्पितळात आले. धाकटा पाय टांगून पडला होता. आई गळ्यात हात बांधून त्याच्या उशाशी बसली होती. टाकीच्या झाकणाचं रबर तडकून आत पाणी गेलं होतं.

"नळी कुणी बघितली?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

सही माझी होती. मी तोंड उघडायच्या आत धाकटा म्हणाला, "दादाने मला दाखवली होती. मीच न बघता निळं म्हणालो."

"तुमचा परवाना जाईल. कल्पना आहे ना?"

"आहे."

आईने धड हात त्याच्या केसांवर ठेवला. काल ती त्याच्या शेजारीच होती, नळी कुणी दाखवली नाही हे तिला माहीत होतं.

"खोटं बोलतोय तो," मी म्हणालो. "मी कुणालाही दाखवली नाही. मला निळा दिसतच नाही."

माझी नोकरी गेली. क्लबातले लोक अजून म्हणतात, चुकला, पण माणूस सच्चा. मी मान खाली घालून ऐकून घेतो. मला फक्त आईचा हात त्याच्या डोक्यावरून काढायचा होता. तो तिने काढला नाही.