जरा सरकून घ्या

आमच्या मंडळाच्या सभागृहात दरवर्षी समोरची एक खुर्ची कमी होते आणि व्यासपीठावर एक वाढते. कुणी उचलून नेत नाही. नवा अध्यक्ष निवडला की व्यासपीठाच्या फळ्याच पुढे येतात आणि त्याला खुर्चीसकट वर घेतात. वर गेलेला अध्यक्ष खाली उतरलेला अजून कुणी पाहिलेला नाही.

आम्ही सगळे डिप्लोमावाले, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालू ठेवणारी माणसं. आम्ही ते व्यासपीठ टेपनं मोजलं, त्याचं ड्रॉइंग काढलं, वाढ टॉलरन्समध्ये, म्हणजे चालण्याइतपत आहे असं ठरवलं आणि चहा प्यायलो. वाढ थांबवावी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

यंदा समोर दोनच खुर्च्या उरल्या होत्या. एकीवर मी होतो, दुसरी रिकामी होती. मावळते अध्यक्ष चौगुले यांनी फोन करून गळ घातली होती, "मगदूम, कोरमपुरते या, चहा घ्या आणि जावा." बाहेर गाडीत माझी मुलगी पद्मजा बॅग मांडीवर घेऊन बसली होती. तिचा मेकॅनिकलचा डिप्लोमा नुकताच झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला चाकणच्या कारखान्यात रुजू व्हायचं होतं, आणि नाही आलीस तर जागा दुसऱ्याला देऊ असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. कोल्हापुरातून शेवटची बस तासाभरात सुटणार होती.

डोक्यावरचा पंखा फार जोरात फिरत होता. जरा कमी करा म्हणायला मी हात वर केला.

"अनुमोदन!" व्यासपीठावरचे सगळे माजी अध्यक्ष एका सुरात ओरडले.

"अहो, पंखा म्हणतोय मी."

"हात वर केलासा न्हवं?" चौगुले म्हणाले. "झालं तर. चला, जरा सरकून घ्या."

सगळे माजी अध्यक्ष खुर्च्यांसकट एकेक जागा सरकले. फळ्या माझ्या बुटांखाली आल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्या गळ्यात हार पडला आणि हातात नारळ आला.

मी नारळ ठेवला आणि पायऱ्यांकडे निघालो. मी चाललो तेवढ्या पायऱ्या लांब गेल्या. खुर्ची माझ्या मागोमाग येत राहिली. मागं वळून पाहिलं तर सभागृहाचं दार पार टोकाला दिसत होतं.

"चौगुले, पायऱ्या पळताहेत!"

"मोजल्या का?"

"मोजायचं काय त्यात? मला खाली उतरायचंय!"

"टॉलरन्समध्ये असतील," एक माजी अध्यक्ष म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी विषय क्रमांक एक काढला, आपण स्वतःला अभियंता म्हणायचं की तंत्रज्ञ. मंडळ स्थापन झालं तेव्हापासून हाच विषय आहे, म्हणून आमच्या पाटीवर नुसतं 'मंडळ' लिहिलेलं आहे.

"काहीही म्हणा," मी ओरडलो. "हमाल म्हणा! पोरीची बस चुकतीय!"

"तसा ठराव मांडा. पण उतरायच्या ठरावाला अनुमोदन समोरनं लागतंय."

"समोर कुणी नाही."

"मग थांबू या की. कोण ना कोण येतंय."

तेवढ्यात दार उघडलं आणि बॅग घेऊन पद्मजा आत आली. व्यासपीठापुढचं सभागृह इतकं आखूड झालं होतं, की दार आणि खुर्ची यांच्यामध्ये उभं राहायला जागा नव्हती. म्हणून ती खुर्चीवर बसली.

"पप्पा, चला की! बस जाईल!" एवढंसं ऐकू आलं.

मी माइक ओढला. "पद्मा, ऊठ! बाहेर जा! हात वर करू नकोस!" माइक बंद होता. बॉयलर, क्रेन, लेथ, काय वाट्टेल ते दुरुस्त करणारी एवढी माणसं व्यासपीठावर बसलेली, आणि माइक कुणी हातात घेतलेला नाही! डोकं फिरायची वेळ आली.

चौगुलेंना माइक लागत नाही. त्यांचा आवाज फाउंड्रीच्या गोंगाटात तयार झालाय.

"बाळा," ते मायेनं म्हणाले, "अध्यक्षांचं ऐकू येत नसंल तर हात वर कर."

मी दोन्ही हातांनी खाली, खाली अशी खूण केली. जोरजोरात मान हलवली. पद्मजा पुढं वाकून माझ्याकडं बघत राहिली. लहानपणापासून ती मी सांगितलेलं नीट समजून घेऊन मगच काही करते. तिनं बॅग खाली ठेवली आणि ऐकू येत नाही हे मला कळावं म्हणून हात चांगला उंच केला.

फळ्या तिच्या चपलांकडे निघाल्या.

"जरा सरकून घ्या," चौगुले म्हणाले.

खुर्ची माझ्या गुडघ्यांना मागून लागली आणि मी बसलो. मी दोन्ही पाय फळीवर घट्ट रोवले. तरी खुर्ची सरकलीच, एका माणसापुरती.